साध्या काडीचा पराक्रम

१

सोमवारी सकाळी दहाला दंत महाविद्यालयाच्या तळमजल्यावर एक लबाडी उघडकीला आली, तेव्हा मोडकाकू खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होत्या.

मोडकाकू हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. काकूंच्या खोलीत आणलेली वस्तू कधी धड परत जात नसे. नवं सिमेंट, नवी कॅप, नवी तार, जे काही असेल ते मशीनच्या चौथऱ्यावर ठेवायचं, वरून पोलादी दट्ट्या मुंगीच्या पावलांनी खाली येणार, आणि किती जोराला वस्तूनं राम म्हटला तो आकडा पडद्यावर उमटणार. सत्तावीस वर्षं काकू हेच करत होत्या आणि त्यांना एक दिवस कंटाळा आला नव्हता. "घरी कप फुटला तर बोलणी बसतात," त्या म्हणायच्या, "इथे पगार मिळतो."

विभागप्रमुख सर दारात उभे राहिले. सरांचा कोट नेहमीच इस्त्रीचा असे आणि चेहराही. आज चेहऱ्याची इस्त्री मोडली होती.

"काकू, साधा गट पहिला आलाय," ते म्हणाले.

काकूंनी झारी खाली ठेवली. "कुणाचा?"

"तुमच्या भावजयबाईंचा."

महाविद्यालयात त्या वर्षी एक नणंद आणि एक भावजय एकाच वर्गात शिकत होत्या. भावाचं लग्न ठरलं तेव्हा दोघी आधीच मैत्रिणी होत्या, किंबहुना ते लग्न नणंदेनंच जमवलं होतं. त्यामुळे सगळं कॉलेज त्यांना नात्यानंच ओळखत असे. भावजय प्रबंधासाठी दोन वर्षं एका काडीच्या मागे लागली होती.

ही काडी म्हणजे फायबर पोस्ट. रूट कॅनाल केलेला दात आतून पोकळ होतो, म्हणून त्याच्या मुळात काचेच्या तंतूंची, राळेत घट्ट बसवलेली एक बारीक काडी सिमेंटनं चिकटवतात आणि तिच्या जिवावर कॅप उभी करतात. काडी कॅपकडच्या भागात सरळ असते आणि मुळाच्या टोकाकडे पेन्सिलीसारखी निमुळती होत जाते. तिचं एकच दुखणं, ती फार गुळगुळीत. सिमेंट तिला धरत नाही, आणि मग सहा महिन्यांनी पेशंट कॅप रुमालात बांधून परत येतो. भिंतीला टाचे मारल्याशिवाय गिलावा धरत नाही, तसंच हे. म्हणून कुणी काडी आधी पेरॉक्साइडमध्ये बुडवून काढतात, म्हणजे बाहेरची राळ खाल्ली जाते आणि तंतू उघडे पडतात. कुणी सिलेन नावाचं द्रव लावतात, जे एका हातानं काच धरतं आणि दुसऱ्या हातानं सिमेंट.

भावजयीनं चार गट केले होते. एकाला पेरॉक्साइड, एकाला सिलेन, एकाला दोन्ही, आणि चौथ्याला काहीच नाही. हा चौथा म्हणजे साधा गट, शर्यतीत शेवटी येण्यासाठीच ठेवलेला. गटात दहा दात, सगळे वरचे पुढचे, कारण त्यांचं मूळ एकच आणि सरळ. प्रत्येक मुळाच्या काडीसकट तीन चकत्या कापायच्या आणि काकूंनी दट्ट्यानं चकतीतली काडी ढकलून बाहेर काढायची.

"दोन्ही लावलेल्या गटाची सरासरी एकसष्ट," सर म्हणाले, "आणि काहीच न लावलेल्याची ब्याण्णव. म्हणजे पुस्तक न उघडता पोरगा पहिला आला. काकू, हे आपोआप होत नाही. कुणीतरी डबे बदललेत."

"कुणी?"

सरांनी खिशातून घडी केलेला एक जाडसर कागद काढला. "ते इथे लिहायचं आहे. उद्या पाच वाजेपर्यंत."

२

कागद घेऊन भावजय अकराला काकूंकडे आली. डोळे लाल होते, पण आवाज ताब्यात होता. ती सूक्ष्मदर्शकाच्या टेबलापाशी बसली आणि टेबल सवयीप्रमाणे डुगडुगलं. त्याचा एक पाय आखूड होता. काकूंचे यजमान सुतार. ते गेले सात महिने त्या पायाखाली पाचर बसवून देणार होते.

"सर काय म्हणाले ते सांग," काकू म्हणाल्या.

"शनिवारी प्रबंध द्यायचा आहे. हे आकडे असेच दिले तर मी नमुन्यांची सरमिसळ केली असं ठरणार आणि वर्ष जाणार. पण दुसऱ्या कुणी नमुने हाताळल्यामुळे घोटाळा झाला, असं मी सही करून दिलं, तर समिती मला सहा महिने वाढवून देईल."

"मग दुसऱ्या कुणी हाताळले होते का?"

"साधा गट कापायचा होता त्या आठवड्यात मी तापानं पडले होते. बाकीच्या गटांना काय काय लावायचं असतं, ते दुसऱ्याला जमलं नसतं. साध्याला काहीच लावायचं नव्हतं. म्हणून तेवढा एक गट तिनं केला."

"तिनं म्हणजे वन्संनी?"

भावजय खाली बघायला लागली. एरवी ती गमतीनं नणंदेला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची, 'वन्सं, उठा आता, सासूबाई चहासाठी थांबल्यात' असं मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणायची आणि दोघी फिदीफिदी हसायच्या. आज ते नातं तिच्या तोंडातून येत नव्हतं.

"तिच्याकडे चार दिवस किल्ली होती," ती म्हणाली. "तिचाही प्रबंध काड्यांवरच आहे. सर म्हणतात, तिच्या उरलेल्या लेपाच्या काड्या चुकून यात आल्या असतील. चुकून म्हणतात, पण कागदावर तसं दिसणार नाही. काकू, मी काल तिला विचारलं. नुसतं विचारलं हं. ती ताटावरून उठली. घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये, आणि नवरा दोन्हीकडून मार खाल्ल्यासारखा बसलाय."

"तुला काय वाटतं?"

"तिनं मुद्दाम काही केलं असेल असं मला मरेपर्यंत वाटणार नाही. पण मग आकडे असे का?"

काकूंना ही पोरगी आवडत असे. आकडे बिघडलेले दिसले तेव्हा ते लपवायचे सोडून ती स्वतःच सरांकडे घेऊन गेली होती, आणि सत्तावीस वर्षांत असं करणारे विद्यार्थी काकूंनी एका हाताच्या बोटांवर मोजले होते. त्यांनी हात पुढे केला.

"कागद इथे ठेव. उद्या पाचपर्यंत माझ्याकडे राहील. इथली वस्तू मोडायची असली तर ती मी मोडेन, तू नको."

भावजय गेली. काकूंनी कपाटातून साध्या गटाचा ट्रे काढला, पहिल्यांदाच बाकीच्या तिघांशेजारी ठेवला आणि झाकण उघडून त्या पाहतच राहिल्या. बाकीच्या तीन ट्रेमध्ये काडीभोवतीच्या दाताच्या अंगठ्या शाबूत होत्या आणि त्यातून काड्या सरकून बाहेर आलेल्या होत्या. या ट्रेमध्ये मात्र वीसेक अंगठ्या तडकल्या होत्या.

३

पहिला नंबर स्टोअरकीपरचा. त्यांना सगळे तारीखराव म्हणत, कारण बाटली मागितली की ते आधी तिच्यावरची तारीख वाचून दाखवत आणि मग देत की नाही ते ठरवत.

"सिलेन शिळं होतं का?" काकूंनी विचारलं.

तारीखरावांना हा प्रश्न आईवरून शिवी दिल्यासारखा लागला. त्यांनी बाटली उजेडात धरली. "बघा. शिळं सिलेन दुधाळ होतं. हे पाण्यासारखं आहे. आणि समजा नासकं असतं, तर लेपाचे गट घसरले असते. साधा गट कसा चढेल? त्याला मी काही दिलंच नाही."

"बरोबर बोललात."

"मी नेहमीच बरोबर बोलतो. ऐकून घ्यायला कुणी नसतं. साध्या काड्यांची पाकिटं मी स्वतः मोजून दिली, एकाच खेपेतली. अजून बारा शिल्लक आहेत, पण फॉर्म भरल्याशिवाय मिळणार नाहीत."

"मी मागितल्या का?"

"मागाल," तारीखराव म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी खरंच बरोबर सांगितलं.

दुसरे खुद्द सर. वीस वर्षांपूर्वी सरांनी एक लेख लिहिला होता. काड्यांना हे चोळा, ते लावा, हा सगळा रिकामा उद्योग आहे, काडीनं फरक पडत नाही, असं त्यात होतं. साधा गट जिंकला तर आनंद कुणाला व्हायचा, तर सरांनाच. काकूंनी जिन्यात गाठून त्यांना तसं तोंडावर सांगितलं. सत्तावीस वर्षं नोकरी झाली की माणूस असं बोलू शकतो.

सर रागावले नाहीत. "खरं आहे," ते म्हणाले. "पण मी म्हणालो होतो फरक पडत नाही. साधी काडी दीडपट घट्ट बसते असं मी झोपेतसुद्धा म्हणालो नसतो. हा निकाल माझ्या बाजूचा नाही काकू, हा कुणाच्याच बाजूचा नाही. म्हणून तर मला त्याचा संशय येतो."

ज्याचा घोडा जिंकला तोच शर्यत रद्द करा म्हणत होता. काकूंनी सरांचं नाव मनातून खोडलं. आता एकच नाव उरलं आणि काकूंना ते अजिबात नको होतं.

४

नणंद बाह्यरुग्ण विभागात सापडली. ती नेहमी तिथेच सापडायची. भावजय टेबलाशी बसून काम करणारी, तर ही खुर्चीपाशी उभी राहून. दिवसाला पंचवीस तोंडं बघितल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. आत्ता ती एका आजोबांच्या जबड्यावर वाकली होती.

"मोठ्ठा आ करा आजोबा. अजून. कुणाला तरी ओरडायचंय असं समजा," ती म्हणाली, आणि मग मान न वळवता, "काकू, कबुलीजबाब घ्यायला आलात?"

"चौकशीला आले."

"वहिनीनं पाठवलं?"

"तिनं कागद माझ्याकडे ठेवलाय. सही केलेली नाही."

नणंदेनं आजोबांना चूळ भरायला सांगितलं, हातमोजे काढले आणि काकूंना खिडकीशी नेलं.

"तिला शंभर ताप होता काकू. फोनवर कण्हत कण्हत मला सांगत होती. मी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि शब्द न् शब्द तसंच केलं. काडीला काही लावायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. सिमेंट भरून बसवायची. एक दिवस पाण्यात. मग कॅपकडून कापायला सुरुवात, पहिली चकती पहिल्या खणात, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या. प्रत्येकीच्या वरच्या बाजूला शाईचा ठिपका. डबा बंद, किल्ली पाकिटात. माझ्या काड्या माझ्या कपाटात होत्या, त्या मी मोजून दाखवते."

"दाखव."

तिनं दाखवल्या. एकही कमी नव्हती.

"मला तिनं विचारलं काकू, की तुझ्या काड्या तर नाही ना गेल्या," नणंद म्हणाली. "तिनं मला चोर म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं. चोराला निदान काहीतरी मिळतं."

आजोबा खुर्चीतून तोंड उघडं ठेवूनच सगळं ऐकत होते. काकू निघाल्या तेव्हा त्यांनी बोटानं खूण करून सांगितलं की पोरगी खरं बोलतेय. काकूंनाही तसंच वाटत होतं, पण वाटण्याला आकडा नसतो.

५

संध्याकाळी काकू मोजणीची वही घरी घेऊन गेल्या. यजमान गॅलरीत एका जुन्या खुर्चीचा सांधा सोडवत बसले होते. पायाच्या सांध्यात कुणीतरी पूर्वी पाचर ठोकली होती. ती काढायची, नवा पाय बसवायचा, असा बेत होता.

काकू त्यांच्याशेजारी स्टुलावर बसल्या आणि वही वाचू लागल्या. दिवसभर सगळे सरासरीवर बोलत होते. सरासरी म्हणजे पंगतीत कुणी उपाशी, कुणी तडस लागेपर्यंत जेवलेला, आणि हिशेब काय तर सगळे बेताचं जेवले. काकूंनी ती बाजूला ठेवली आणि एकेक मूळ पाहायला घेतलं.

दोन्ही लेपांचा गट. पहिली चकती बहात्तर, दुसरी एकसष्ट, तिसरी पन्नास. पुढचं मूळ, तीच उतरण. हे बरोबर होतं, सिमेंट दिव्याच्या उजेडानं पक्कं होतं, मुळाच्या टोकाकडे तो उजेड पोचत नाही आणि सिमेंट कच्चं राहतं.

साधा गट. पहिली चकती एकतीस. दुसरी एकशे अठरा. तिसरी एकशे सव्वीस.

काकूंनी चष्मा पुसला. पुढचं मूळ. चौतीस, एकशे नऊ, एकशे तीस. दहाच्या दहा मुळांत तसंच. पहिली चकती साध्या काडीला शोभेल अशी दुबळी, आणि त्याच काडीच्या पुढच्या दोन चकत्या पैलवान.

"अहो," काकू म्हणाल्या, "एकाच काडीचं डोकं साधं आणि पाय लेप लावलेले, असं असेल का?"

"तुमच्या कॉलेजात काहीही असेल," यजमान म्हणाले.

"नाही. काडी बदलली असती तर तिन्ही चकत्या चढल्या असत्या. पहिली चढली नाही. म्हणजे काडी साधीच आहे." काकूंना एकदम हलकं वाटलं. नणंद सुटली होती. "पण मग पुढच्या दोन का चढल्या?"

यजमानांना हातोडी हवी होती, पण ती काकूंच्या हातात होती. विचार करताना काकूंना काहीतरी ठोकायची सवय. त्यांनी समोरच्या पाचरीवर दोन टोले दिले, तिसरा जरा जोरात दिला, आणि खुर्चीच्या पायाला उभी भेग गेली.

"अगं बाई, काय केलंस हे," यजमान म्हणाले. "ती काढायची होती. पाचर काढायची तर बारीक बाजूनं ठोकायची, म्हणजे रुंदीकडे सुटून येते. तू रुंद बाजूवर हाणलंस. आणखी घट्ट होणार, नाहीतर लाकूड फाटणार. एवढंही कळत नाही?"

काकू भेगेकडे पाहत राहिल्या. त्यांना ट्रेमधल्या तडकलेल्या अंगठ्या आठवल्या. एवढंही कळत नाही, हे त्यांना कधी नव्हे ते पटलं. काडीची पहिली चकती सरळ भागाची. ती कुठूनही ढकला, तेवढ्याच जोरानं सुटणार. पुढच्या दोन निमुळत्या. त्या बारीक बाजूनंच ढकलायच्या हा नियम काकू सत्तावीस वर्षं प्रत्येक पोराला शिकवत आल्या होत्या. आणि बारीक बाजू डोळ्यांना दिसत नाही, केसाएवढा फरक, म्हणून तर कॅपकडच्या रुंद बाजूला ठिपका द्यायचा आणि ठिपका खाली ठेवून चकती मांडायची.

ठिपका खाली ठेवला होता. तिसांपैकी प्रत्येक चकतीचा. स्वतःच्या हातानं.

"जेवायला वाढू का?" यजमानांनी विचारलं.

"वाढा," काकू म्हणाल्या, "आणि ती भेग माझ्या नावावर मांडा."

६

सकाळी आठला काकूंनी सूक्ष्मदर्शक लावला. टेबल डुगडुगू नये म्हणून गुडघा टेकवून, श्वास रोखून त्या एकेक चकती मोजत गेल्या. लेपाच्या गटांत ठिपक्याची बाजू रुंद. साध्या गटात दुसरी चकती, ठिपक्याची बाजू अरुंद. तिसरी, अरुंद. पुढचं मूळ, अरुंद. वीसच्या वीस.

काय झालं ते कळलं होतं. का झालं ते मात्र नाही. नणंद चार वर्षं दात हाताळणारी मुलगी, ती शब्द न् शब्द पाळून ठिपका उलट्या बाजूला कसा देईल? काकूंनी खिडकीतल्या कुंडीकडे पाहत तिचे शब्द मनात पुन्हा म्हटले, आणि एका शब्दाला त्या हसल्या.

दुपारी चारला त्यांनी तिघांना बोलावलं. सर खुर्चीत बसले. नणंद आणि भावजय खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, मधे मशीन. तक्रारीचा कागद टेबलावर होता.

काकूंनी बरणीतून दोन सुटे दात काढले. वरचे, पुढचे. दोघींच्या हातात एकेक दिला आणि एकेक शाईचं पेन.

"एकमेकींकडे बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "दाताच्या वरच्या बाजूला ठिपका द्या."

"काकू, हा काय पोरखेळ आहे?" सर म्हणाले.

"हो. दोन मिनिटांचा."

भावजयीनं दात चिमटीत सरळ उभा धरला, जसा ती दोन वर्षं टेबलावर धरत आली होती, मूळ खाली, दात वर. तिनं दाताच्या कडेला ठिपका दिला.

नणंदेनं दात हातात घेतला तोच उलटा फिरवला, जसा तो माणसाच्या तोंडात असतो, मूळ नाकाकडे, दात खाली. तिनं मुळाच्या टोकाला ठिपका दिला.

दोघींनी तळहात उघडले. सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

"हे टोक आहे," भावजय म्हणाली.

"मग? वरचा दात आहे ना वहिनी. वर काय असतं? मूळच असतं," नणंद म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज विरला.

"तू मला वर म्हणालीस."

"मी वर म्हणाले."

काकूंनी मग सगळं उलगडून सांगितलं. पहिल्या चकत्यांचे दुबळे आकडे, पाचर, तडकलेल्या अंगठ्या, वीस अरुंद ठिपके. कुणी काही बदललं नव्हतं, कुणी काही लावलं नव्हतं. एक मुलगी दात टेबलावर बघत होती आणि दुसरी तोंडात. दोघी वर म्हणत होत्या आणि दोघी बरोबर होत्या.

सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात पाहिलं. टेबल डुगडुगलं, त्यांनी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. त्यांना घाईनं मान हलवणं माहीत नव्हतं, आणि त्या वेळी काकूंना त्यांचा तो गुण फार बरा वाटला.

"दट्ट्या मी चालवला," काकू म्हणाल्या. "ठिपक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. कागदावर कुणाचं नाव घालायचंच असेल सर, तर पहिलं माझं घाला."

सरांनी मोजणीची वही ओढून साध्या गटाचं पान उघडलं. "मीही सरासरीच पाहिली," ते म्हणाले. "तेवढं एक पान उलटलं असतं तर कागदाची वेळ आली नसती." मग ते भावजयीकडे वळले. "पण काय झालं हे कळलं म्हणजे आकडे मिळाले असं नाही. साधा गट पुन्हा हवा. शनिवार चार दिवसांवर आहे. दात आहेत का?"

भावजयीनं बरणीकडे पाहिलं. कापताना तडकतात म्हणून तिनं रूट कॅनाल करून जादा दात तयार ठेवले होते. ते किती होते हे तिला तोंडपाठ होतं.

"अकरा," ती म्हणाली. "काड्या नाहीत."

"त्या आहेत," काकू म्हणाल्या. "फॉर्म भरावा लागेल."

७

तारीखरावांनी काड्या दिल्या. आधी तारीख वाचून दाखवली, मग खेपेचा नंबर, मग 'मागाल म्हटलं होतं' हे दोनदा.

मंगळवारी संध्याकाळीच दोघी बसल्या. काडी भावजयीनं धरायची, सिमेंट नणंदेनं भरायचं. पहिला अर्धा तास कामापुरतं बोलणं चाललं, चिमटा दे, दिवा धर. काकू कोपऱ्यात वही लिहायचं सोंग करत होत्या. त्यांना घरी जायचं होतं, पण जाववत नव्हतं.

सहाव्या दाताला भावजय काम थांबवून म्हणाली, "मी तुला ते विचारायलाच नको होतं."

"विचारलंस ते ठीक," नणंद म्हणाली. "पण आमटी वाढता वाढता विचारलंस. माझ्या आवडीची होती."

"तुमच्यासाठी पुन्हा करते. उद्या."

"तुमच्यासाठी?"

"हो, वन्सं," भावजय म्हणाली, आणि दिवा धरलेला हात हलला, कारण दोघी एकदम हसल्या आणि एकदम रडल्याही. सहावा दात वाया गेला. म्हणून म्हणतात, जादा असावा.

शुक्रवारी दुपारी काकूंनी तीस चकत्या मांडल्या. ठिपका आता कुणी वर दिला नव्हता, कॅपकडे दिला होता. प्रत्येक चकती आधी सूक्ष्मदर्शकाखाली, मग मशीनवर. पहिली तेहतीस. दुसरी सत्तावीस. तिसरी एकवीस. अंगठी शाबूत, काडी अलगद सुटलेली, गुळगुळीत आणि कोरी. तिसाव्या चकतीपर्यंत एकही पैलवान निघाला नाही. साधा गट मुकाट्यानं शेवटच्या नंबरावर जाऊन बसला आणि दोन्ही लेपांचा गट पहिल्या.

सर आकडे घेऊन गेले आणि पाच मिनिटांनी परत आले. "चर्चेच्या भागात माझ्या जुन्या लेखाचा उल्लेख आहे," ते भावजयीला म्हणाले. "आदरापोटी तू तो फार गोड लिहिलायस. चुकलं असं लिही. काडीनं फरक पडतो."

शनिवारी साडेतीनला प्रबंध कार्यालयात पोचला. दोघी थेट काकूंकडे आल्या, आणि भावजयीला तक्रारीचा कागद टेबलावर तसाच पडलेला दिसला. कोरा, बिनसहीचा. तिनं तो उचलला, पण फाडायचा की परत द्यायचा हे तिला सुचेना.

"आण इकडे," काकू म्हणाल्या. "चांगला जाड कागद आहे."

त्यांनी त्याची घडी घातली, पुन्हा घातली, आणखी एकदा घातली, नखानं कड दाबली आणि गुडघे टेकून सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली ती सरकवली. बारीक बाजूनं.

"टेका बरं हात," त्या खालूनच म्हणाल्या.

नणंदेनं एका कडेला हात टेकला आणि भावजयीनं दुसऱ्या. दोघींनी जोर लावून पाहिला. टेबल जागचं हललं नाही.